अडत्या कुणाचा?

दिवाळी सरत आली होती. डब्यात चकल्यांचे तुकडे आणि चिवड्याचा तळ उरला होता. सांगलीच्या घरी आमचे दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, संगणकापुढे बसून कुठल्याशा देणगीची पावती काढत होते. पावती निघेना. पडद्यावर नुसतं पांढरं पान. पुन्हा उघडलं, पुन्हा पांढरं. तेवढ्यात माझी लेक चहा घेऊन आली. ती पुण्यात एका कंपनीत संकेतस्थळं बांधते, त्यातही लोकांना दिसतो तो पुढचा भाग. तिनं मागूनच पडदा बघितला.

"काका, पान कोरं नाहीये. तुमचा ब्राउझर कोरा आहे."

दादा पेल मून वापरतात. फायरफॉक्सच्या झाडाची ही फांदी 2009 पासून वेगळी वाढत गेली. तिच्या इंजिनाचं नाव गोआना. फायरफॉक्सचं गेको म्हणजे पाल, तर गोआना म्हणजे ऑस्ट्रेलियातली घोरपड. भाऊबंदकी नावातसुद्धा उतरली आहे. दिसायला हा ब्राउझर पंधरा वर्षांपूर्वीचा वाटतो. वर फाइल, एडिट, व्ह्यू अशी मेनूची ओळ, पत्त्याचा रकाना वेगळा, शोधायचा वेगळा, तळाला स्टेटस बार आणि उजवीकडे अंगठ्याएवढा रुंद स्क्रोल बार. दादांची सारी नोकरी मार्केट यार्डात गेली, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून. कीर्द-खतावणी लिहिलेला माणूस. रकाना काल जिथं होता तिथंच आज असला पाहिजे, एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा.

"मग काय वापरू? तुझं क्रोम?"

"क्रोम, फायरफॉक्स, एज, काहीही. फक्त ह्या दशकातलं असू दे."

"हा अपडेट होतो की. नियमानं होतो."

"होतो हो. पण वेब किती पुढं गेलं ते त्याला कळत नाही."

"वेब पुढं गेलं म्हणजे नक्की काय गेलं ते सांग." दादांनी खुर्ची वळवली. "मी सकाळी चार वर्तमानपत्रं वाचतो. दुपारी विकिस्रोतावर जुन्या मराठी पुस्तकांची पानं तपासतो, डावीकडं मजकूर, उजवीकडं छापील पानाचं चित्र. संध्याकाळी पत्रं. ह्यातलं कुठलं काम तुझ्या नव्या ब्राउझरात जास्त चांगलं होईल?"

"तुम्हाला नवी सोय दिसत नाही, कारण ती पानाच्या पोटात असते. पूर्वी तारीख निवडायचा चौकोन हवा असला की त्यासाठी ढीगभर कोड पाठवावा लागायचा. आता ब्राउझरच तो चौकोन देतो. मध्येच उघडणारी छोटी खिडकी घ्या. ती नीट बंद व्हावी, अंधांच्या वाचकयंत्राला कळावी, म्हणून आम्ही वर्षानुवर्षं डोकं फोडत होतो. 2022 पासून ती सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आयती मिळते. नव्या सोयी म्हणजे पानं हलकी."

"मग झाली का पानं हलकी?"

लेक हसली. उत्तर तिनं दिलं नाही आणि मलाही ते तिच्या तोंडून ऐकायची गरज वाटली नाही.

पण ती हटणारी नव्हती. "बरं, तुमच्या मराठीचंच बघा. लहानपणी तुम्हीच दाखवायचात, प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा. तो उतरवून घ्या, नाहीतर पानभर परग्रहावरची अक्षरं. काहींचा फाँट आपोआप यायचा, तोही फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसायला सेटिंगात जाऊन खूण करावी लागायची, आणि मग ते सीडी मागायचं. त्यातून सोडवलं कुणी? युनिकोडनं, अक्षरजुळणीच्या नव्या इंजिनांनी आणि पानाबरोबर येणाऱ्या वेबफाँटांनी. त्या वेळची नवी वैशिष्ट्यंच ती! लोक जुन्यालाच धरून बसले असते तर तुमचं विकिस्रोत वाचता आलं असतं का?"

"नसतं आलं. म्हणून तेव्हा बदललाच की मी ब्राउझर. वाचता येत नव्हतं, ते यायला लागलं, म्हणून बदलला. आता बदलून काय वाचता येईल?"

इथं मला राहवेना. मी नोकियाच्या फोनवरचा माझा ऑपेरा मिनी मध्ये आणला. त्या फोनात देवनागरी नव्हतीच. जिथं मराठी असायची तिथं ओळीनं रिकामे चौकोन. कुणीतरी युक्ती सांगितली: पत्त्याच्या रकान्यात opera:config असं लिहायचं, म्हणजे एक लपलेलं पान उघडतं, त्यात गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरण्याचा पर्याय सुरू करायचा. झालं. अक्षरं दूरच्या सर्व्हरवर चितारली जायची आणि फोनवर चित्र म्हणून उतरायची. पान सर्व्हरवरच दाबून लहान केलेलं असल्यामुळे पैसेही कमी लागायचे. वैशिष्ट्यांच्या यादीत ऑपेरा मिनी तेव्हाही सगळ्यांत मागे होता. पण एसटीत बसून मी पहिल्यांदा मराठी वाचलं ते त्याच्यावर.

"बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?" लेकीनं विचारलं.

मी चकलीचा तुकडा तोंडात टाकला.

"माझं म्हणणं तेच आहे," दादा म्हणाले. "हत्यार हातात बसलं पाहिजे. विळा नवा असून भागत नाही, मूठ बसली पाहिजे. तुमच्या ब्राउझरांत दर सहा महिन्यांनी मूठ हलते. स्क्रोल बार आधी बारीक केला, मग लपवला. माउस न्यावा तेव्हा तो उगवणार. मोतीबिंदू काढलेल्या माणसानं तो शोधायचा कुठं? पत्त्यातलं http लपवलं, मग www लपवलं. बॅकस्पेस दाबला की मागचं पान यायचं, तेही काढून टाकलं."

"बॅकस्पेसचं कारण होतं काका. लोक मोठा फॉर्म भरत बसायचे, कर्सर रकान्याबाहेर गेलेला कळायचा नाही, अक्षर खोडायला बॅकस्पेस दाबला की पान मागं आणि सगळं भरलेलं पुसलं. क्रोमनं 2016 मध्ये ते बंद केलं, फायरफॉक्सनं 2021 मध्ये. तुमच्या हाताच्या सवयीपायी दुसऱ्या कुणाचा तरी अर्ध्या तासाचा फॉर्म जात होता."

"मग बंद कर आणि सेटिंगात एक खूण ठेव. ज्याला हवं तो सुरू करेल."

"फायरफॉक्सनं ठेवली आहे तशी."

"कुठं?"

"अबाउट कॉन्फिगमध्ये."

"म्हणजे तळघरात," दादा म्हणाले.

दादांचा जुना लाडका ब्राउझर ऑपेरा. मिनी नव्हे, संगणकावरचा. नॉर्वेचा. आधी विकत तरी घ्यावा लागायचा, नाहीतर वर जाहिरातीची पट्टी सोसावी लागायची. 2005 मध्ये ती पट्टीही गेली. कळफलकावर 1 आणि 2 दाबून टॅब बदलता यायचे, माउस ओढून मागं-पुढं जाता यायचं, चित्रं एका झटक्यात बंद करता यायची, आणि पत्रव्यवहारही त्यातच. 2013 मध्ये ऑपेरानं आपलं प्रेस्टो इंजिन सोडलं आणि क्रोमचा पाया घेतला. वेबच्या नव्या सोयींच्या बाबतीत तो एका उडीत सगळ्यांच्या बरोबरीला आला. आणि त्या पहिल्या नव्या आवृत्तीत, 15 क्रमांकाच्या, नेहमीचे बुकमार्क नव्हते! ते पुढच्या वर्षी परत आले. मला ही गोष्ट ह्या सगळ्या वादाचं सार वाटते. इंजिन अद्ययावत, पण वाचून अर्धं राहिलेल्या पानावर खूण घालायला जागा नाही.

लेकीनं नेमकं तिथूनच पकडलं. "ऑपेराच्या एका संस्थापकानं मग काय केलं माहीत आहे ना? योन फॉन टेट्झ्नर. तो आधीच बाहेर पडला होता; त्यानं विवाल्डी काढला. 2016 मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. इंजिन क्रोमचं, मूठ जुन्या ऑपेराची. उंदीर-मांजराचा खेळ संपला! नवी वैशिष्ट्यं की हातात बसणारा ब्राउझर, असं निवडायची गरजच नाही. तुम्ही उगाच एका पायावर उभे आहात."

"तो आहे माझ्याकडं," दादा शांतपणे म्हणाले.

"काय?"

"विवाल्डी. आहे. बँकेचं काम असलं की तोच उघडतो."

लेक बघत राहिली. मीही. दादांनी पडद्याच्या कोपऱ्यातलं तांबडं चिन्ह दाखवलं.

"मग रोज तोच का नाही वापरत?"

"कारण यार्डात एकच खरेदीदार उरला की काय होतं ते मी बघितलंय. तुझं क्रोम, एज, ऑपेरा, विवाल्डी, दुकानाच्या पाट्या चार, पण माल तोलणारा काटा एकच."

हे मात्र खरं. एजनं 2020 च्या जानेवारीत आपलं इंजिन टाकून क्रोमचंच घेतलं. आता मोठी इंजिनं मोजून तीन: गुगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं गेको. त्यातही मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गुगलच्याच शोध-करारातून येतं. काटा एकाचा झाला की वजन तो म्हणेल ते. 2018 मध्ये यूट्यूबचं नवं रूप अशा एका जुन्या तंत्रावर उभं होतं जे मूळचं फक्त क्रोममध्येच होतं. फायरफॉक्स आणि तेव्हाच्या एजला ते सोंग वठवावं लागायचं, म्हणून पान तिथं हळू उघडतं, अशी तक्रार मोझिलाच्या एका व्यवस्थापकानं जाहीरपणे केली होती. म्हणजे 'नवं वैशिष्ट्य' दरवेळी नवं असतंच असंही नाही. कधी ते फक्त एका घरचं असतं.

"मला सांग," दादा लेकीला म्हणाले, "तुमच्या त्या नियमांच्या कागदांत ब्राउझरला काय म्हणतात?"

"युजर एजंट."

"म्हणजे अडत्या."

लेकीला हसू आलं, पण दादा गंभीर होते. "अडत्या शेतकऱ्याच्या वतीनं माल विकतो. कागदावर तो शेतकऱ्याचाच माणूस. पण शेतकरी वर्षातनं दोनदा येतो, आणि व्यापारी रोज दुकानात चहा पितो. अडत्याचा कल कुठं झुकणार? पूर्वी काही बाजारांत रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. शेतकरी समोर उभा असायचा, पण त्याला कळायचं नाही रुमालाखाली किती बोटं दाबली. ब्राउझर माझा अडत्या. संकेतस्थळवाले व्यापारी. सगळ्यांत मोठ्या अडत्याचा मालक जाहिराती विकून जगतो. आता त्यानं नवं वैशिष्ट्य आणलं की मी आधी रुमाल उचलून बघतो. चुकतंय का माझं?"

"पूर्ण नाही," ती म्हणाली. मला तिचं हे आवडतं, वादात ती खोटं बोलत नाही. "उलट आमच्याच कागदात तुमची बाजू लिहिलेली आहे. एचटीएमएल कसं घडवावं ह्याची तत्त्वं वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं 2007 मध्ये मांडली. त्यात उतरंड आहे. झगडा झाला तर आधी वापरणारा, मग पान लिहिणारा, मग ब्राउझर बनवणारा, मग नियम लिहिणारा, आणि सगळ्यांत शेवटी शास्त्रशुद्धता. 2020 मध्ये इंटरनेटची घडण बघणाऱ्या मंडळानंही तेच म्हटलं, की इंटरनेट शेवटच्या माणसासाठी आहे."

"आणि ते जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन? यूब्लॉक ओरिजिन? क्रोममधून का गेलं?"

"एक्स्टेंशनांचे नियम बदलले म्हणून. जुन्या नियमात एक्स्टेंशनला तुमच्या प्रत्येक पानाच्या येण्याजाण्यात हात घालता यायचा. चांगल्याच्या हातात ते जाहिराती अडवतं, चोराच्या हातात पासवर्ड उचलतं. कारण अगदीच खोटं नाही, काका. त्याचं हलकं रूप अजून चालतंय तिथं."

"हलकं," दादा म्हणाले, आणि थांबले.

इथपर्यंत दादांची सरशी होती असं मला वाटत होतं. तेव्हा लेकीनं चहाचा कप खाली ठेवला.

"आता माझं ऐका. तुमच्या ब्राउझरात आमचं पान चालावं म्हणून मला काय करावं लागतं? नव्या व्याकरणात लिहिलेला कोड जुन्या व्याकरणात उलटवायचा आणि वर ठिगळं जोडायची. ते ओझं सगळ्यांच्या पानात जातं. सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या? कवठेमहांकाळचा पोरगा, स्वस्तातला फोन, महिन्याचा ठरावीक डेटा. त्याच्या फोनमधला क्रोम प्ले स्टोअरवरून आपोआप नवा होतो. त्याच्या ब्राउझरला सगळं येतं. गरिबाकडं नवा ब्राउझर आहे काका, आणि जुना आहे तो तुमच्याकडं, हौस म्हणून. तुमच्या रुंद स्क्रोल बारचं भाडं त्यानं भरायचं?"

दादा बोलले नाहीत. हा घाव बसला होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"आम्ही हे एकदा भोगलंय," ती पुढं म्हणाली. "म्हणजे माझ्या आधीच्या लोकांनी. इंटरनेट एक्स्प्लोरर 6 आला 2001 मध्ये, 7 आला 2006 मध्ये. मधली पाच वर्षं वेब तिथंच अडकलं. त्यानंतरही कचेऱ्यांमधून 6 निघेना, कारण त्यांची कामं त्याच्यावरच बेतलेली. प्रत्येक पान दोनदा लिहायचं, एकदा जगासाठी आणि एकदा त्याच्यासाठी. शेवटी मायक्रोसॉफ्टनंच 2011 मध्ये, हा वापरू नका, म्हणून मोहीम काढली. 'आमच्या हाताला सवय आहे' हे वाक्य तिथंही होतं."

"तिथं एकाच अडत्याचा बाजार झाला होता म्हणून तसं झालं," दादा म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"आणि कुलूप? सप्टेंबर 2023 मध्ये वेबपी चित्रं उलगडणाऱ्या कोडमध्ये भोक सापडलं. नुसतं चित्र दिसलं तरी संगणकात शिरता येईल असं. तो कोड सगळ्यांनीच वापरलेला. क्रोम, फायरफॉक्स, एज, सगळे धावले. मोठ्या कंपनीकडं अशा वेळी रात्रभर बसायला माणसं असतात. तुमच्या ब्राउझरामागं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ती भली असतील, पण त्यांतला एक आजारी पडला तर?"

ह्या एका बाबतीत मी लेकीच्या बाजूचा आहे आणि ते तेव्हाही बोललो. मुठीचा हट्ट धरावा, पण कुलपाचा धरू नये. कोणी जुना ऑपेरा 12 अजून उराशी धरून बँक उघडत असेल तर त्याला चवीनं जगणारा म्हणता येणार नाही, तो दार उघडं टाकून झोपलेला आहे. दादा म्हणाले, "म्हणून तर बँकेला दुसरा आहे." घरात वावरायची सपात वेगळी आणि बाहेर जायची चप्पल वेगळी, त्यात त्यांना काही विसंगती वाटत नव्हती. मला विचाराल तर ती नव्हतीही.

पावती अजून निघाली नव्हतीच. लेक खुर्ची ओढून दादांच्या शेजारी बसली. "सरका जरा. बघू दे तरी पान कशावर अडलंय." तिनं तांत्रिक खिडकी उघडली. आत एकच तांबडी ओळ. स्क्रिप्टमधलं कुठलंसं नवं व्याकरण ब्राउझरला उमगलं नव्हतं.

"एका ओळीपायी सगळं पान गेलं?" मी विचारलं.

मग तिनं समजावलं, आणि मला वाटतं त्या दुपारचं सगळ्यांत कामाचं बोलणं हेच होतं. एचटीएमएल सोशिक असतं. न कळणारी खूण दिसली तर ब्राउझर खूण सोडून देतो आणि आतला मजकूर दाखवतो. सजावटीची भाषा, सीएसएस, तीही सोशिक. न कळलेला नियम गाळून पुढं जाते. फार तर रंग चुकेल, ओळ सरकेल. जावास्क्रिप्ट तसं नाही. 2020 मध्ये त्यात प्रश्नचिन्ह आणि टिंब अशी जोडखूण आली. ज्या ब्राउझरला ती माहीत नाही, तो त्या खुणेपाशी अडखळून पूर्ण फाइलच नाकारतो. एक अक्षर अडलं की सगळं पुस्तक परत. पूर्वी पानाचा मजकूर एचटीएमएलमध्ये असायचा आणि स्क्रिप्ट वरची फोडणी. आता पुष्कळ ठिकाणी मजकूरही स्क्रिप्टच चितारते. म्हणून पूर्वी जुन्या ब्राउझरात पान विस्कटलेलं दिसायचं, आता कोरं दिसतं.

"म्हणजे बघ," दादा म्हणाले, "ह्या पावतीत काय आहे? नाव, रक्कम, तारीख, सही. एवढ्यासाठी नवं व्याकरण कशाला लागलं?"

"नाही लागत," ती म्हणाली.

"मग कवठेमहांकाळच्या पोराचं ओझं मी वाढवलं की हे लिहिणाऱ्यानं?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. दादांना जिंकल्यासारखं वाटलं असेल; तरी ते लगेच म्हणाले, "तुझं फोनचं म्हणणं मात्र माझ्या डोक्यात राहणार आहे हां. ते मी धरलं नव्हतं." मग कोपऱ्यातलं तांबडं चिन्ह दाबून त्यांनी विवाल्डीत पावती काढली. प्रिंटर कुरकुरला.

लेक मात्र पेल मूनसमोरून उठली नाही. तिनं पत्त्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

"आता काय?"

"आमचं पान. ऑगस्टमध्ये नवं केलं ते. चार महिने खपले होते आम्ही."

पान उघडलं. वर पांढरं, मध्ये पांढरं. अगदी तळाशी, बारीक करड्या अक्षरांत एक ओळ. दादांनी चष्मा वर सारला, रुंद स्क्रोल बार धरून खाली आले आणि मोठ्यानं वाचलं:

"सर्व हक्क राखीव."

लेकीनं कपाळावर हात मारला. मग पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला, दादांच्या टेबलावर पसरलेल्या पावत्या बाजूला सारल्या आणि म्हणाली, "काका, तुमचा ब्राउझर माझ्या मशीनवर कुठून उतरवायचा?"